पहिल्या बाकाच्या पुढे

शाळा उघडून दोन-चार दिवस झालेले असतात. वर्गाच्या दारात एक आई येऊन उभी राहते. एका हातात मुलाचा हात, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली दवाखान्याची फाईल. ती काही बोलायच्या आधीच आपल्या पोटात गोळा येतो. पट आधीच चाळीसचा, दोन वर्ग एकत्र, त्यात हे मूल. आणि तोंडून निघून जातं, "ताई, याच्यासाठी वेगळी शाळा असते ना?"

हे वाक्य मीही बोलले आहे. म्हणून आज हा लेख लिहिताना मी उपदेशाच्या जागेवरून बोलत नाही. पंचवीसहून अधिक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम केलं. त्या आईला आपण काय सांगतो आणि त्यानंतर वर्षभर वर्गात काय करतो, यावर एका मुलाचं अख्खं आयुष्य वळण घेतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार मानले आहेत. भेदभाव न करता प्रवेश देणं ही शाळेची जबाबदारी आहे. ज्यांचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे, अशा 6 ते 18 वयाच्या मुलांना जवळच्या नेहमीच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे आणि कोणती शाळा हे ठरवायचं त्या मुलाच्या बाजूने. म्हणजे 'वेगळी शाळा' सुचवण्याचा अधिकार आपल्याकडे नाहीच. आई फाईल घेऊन आली की पटावर नाव घ्यायचं. एवढं पक्कं झालं की मग खरा प्रश्न सुरू होतो: उद्या सकाळी अकराच्या तासाला मी काय करू?

बहुतेक जण काय करतो? मुलाला पहिल्या बाकावर बसवतो, बाकीच्यांना "त्याला त्रास द्यायचा नाही हं" असं बजावतो आणि रोजचा धडा सुरू करतो. मन साफ असतं, हेतू चांगला असतो. पण मूल पहिल्या बाकावर बसून वर्षभर नुसतं बसलेलंच राहतं.

मावशींनी सांगितलेली गोष्ट

तिसरीच्या वर्गात माझ्याकडे एक मुलगा होता. अंगाने दणकट, खेळात पुढे, चेहऱ्यावर सतत हसू. पण वर्गात मी काही विचारलं की कधी झटकन उत्तर द्यायचा, कधी भिंतीकडे पाहत राहायचा. दोन सत्रं मी त्याच्या नोंदीत एकच गोष्ट लिहिली: 'वर्गात लक्ष नसते.' पालकसभेत त्याच्या वडिलांनाही तेच सांगितलं. त्यांनी घरी जाऊन त्याला मारलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

एके दिवशी खिचडी वाढताना आहार शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बाई, या पोराला मागून हाक मारली तर वळत नाही बघा. ताट वाजवलं की वळतंय."

त्या दुपारी मी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. मी समोर उभी राहून बोलले की उत्तर यायचं. फळ्याकडे तोंड करून बोलले की भिंत. त्याचा कान लहानपणापासून वाहत होता. घरात सगळ्यांना ते माहीत होतं, पण 'कान फुटलाय, मोठा झाला की थांबेल' म्हणून कोणी काही केलं नव्हतं. तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं निघालं. उपचारांनी बराच फरक पडला. पण गेलेली दोन सत्रं आणि बसलेला मार मला परत घेता आला नाही.

शिक्षकाची तयारी मोठ्या पुस्तकाने किंवा तीन दिवसांच्या कार्यशाळेने सुरू होत नाही, ती एका मुलाकडे नीट पाहण्याने सुरू होते, हे मी त्या खिचडीच्या रांगेत शिकले. 21 प्रकारांची नावं पाठ असलेले शिक्षक मला प्रशिक्षणात खूप भेटतात. आपल्या वर्गातलं कोणतं मूल फळ्यावरचं उतरवताना शेजाऱ्याच्या वहीत बघतं, हे विचारलं की त्यांना थांबावं लागतं.

पंधरा दिवसांची वही

म्हणून पहिलं काम. शंभर पानी साधी वही घ्या. वर्गातलं एक मूल निवडा, एकच. पंधरा दिवस रोज दोन-तीन ओळी लिहा. नियम एवढाच की डोळ्यांनी दिसलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं, मत लिहायचं नाही. 'हट्टी आहे' हे मत झालं. 'मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा दोन्ही कानांवर हात ठेवले, बाकाखाली गेला, साधारण पाच मिनिटांनी बाहेर आला' ही नोंद झाली. 'आळशी आहे' हे मत. 'तोंडी सहा गणितं बरोबर सांगितली, तीच वहीत लिहायला दिली तेव्हा दोनच लिहिली, पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला' ही नोंद.

पहिले तीन-चार दिवस हात मतच लिहितो. लिहू द्या, मग खोडा. आठवड्याभरात नजर बदलते.

काय पाहायचं? मूल फळ्याजवळ सरकतं का, मान एका बाजूला कलती करून वाचतं का, वाचताना ओळ सुटते का, डोळे सारखे चोळतं का. हाक मारल्यावर वळतं का, की दुसरी मुलं उभी राहिली की त्यांचं बघून उभं राहतं. बोलता बोलता मध्येच काही क्षण टक लावून थांबतं आणि मग काहीच न झाल्यासारखं पुढे चालू करतं का? हे दिवसातून पुष्कळदा होत असेल तर ते दिवास्वप्न नसून फिट येण्याचा एक प्रकार असू शकतो, डॉक्टरांना सांगायलाच हवं. जिना उतरताना प्रत्येक वेळी कठडा धरतं का? डबा उघडायला दुसऱ्याकडे देतं का? खेळात गटात असतं, की गटाच्या कडेला?

एनसीईआरटीने शाळांसाठी 'प्रशस्त' नावाची पडताळणी सूची आणि तिचं अ‍ॅप तयार केलं आहे. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा असतो. तो जरूर भरा, पण वही पंधरा दिवस लिहून झाल्यावर भरा. एका बैठकीत चाळीस मुलांसमोर टिक मारत गेलं तर हाती फक्त टिका लागतात.

आणि एक सांभाळायचं. पडताळणी म्हणजे निदान नव्हे. 'तुमच्या मुलाला ऑटिझम आहे', 'डिस्लेक्सिया आहे' ही वाक्यं शिक्षकाने कधीच उच्चारायची नाहीत. आपण नोंद द्यायची, निदान डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ करतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. त्या दिवशी आपण बहुधा मुलांच्या रांगा लावण्यात गुंतलेले असतो. त्याऐवजी वहीतलं ते पान डॉक्टरांच्या हातात द्या. थोड्या वेळात शंभर मुलं तपासणाऱ्या माणसाला त्या पानाने फार मदत होते. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय याच कार्यक्रमात आहे.

बसण्याची जागा

आता पहिल्या बाकाकडे येऊ.

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला आपण अगदी पुढे बसवतो. तिथून त्याला शिक्षक दिसतो, वर्ग दिसत नाही. मागून कोणी उत्तर दिलं, सगळे हसले, तर हे मूल आधी वळून शोधतं की कोण बोललं, आणि तोवर बोलणं संपलेलं असतं. त्याची जागा पुढच्या दोन-तीन ओळींत, पण बाजूला, थोडी तिरकी हवी. म्हणजे शिक्षकाचं तोंडही दिसतं आणि मान वळवली की मुलंही. खिडकी आपल्या पाठीमागे असेल तर आपला चेहरा त्याला काळा दिसतो, ओठ दिसत नाहीत. उजेड आपल्या तोंडावर पडेल असं उभं राहा. आणि सगळं ओठांवरून कळतं असं समजू नका. आरशासमोर उभं राहून 'पाळ', 'बाळ', 'माळ' हे तीन शब्द आवाज न काढता म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतील. म्हणून नवा शब्द आला की तो फळ्यावर यायलाच हवा.

मूल श्रवणयंत्र लावून आलं म्हणजे यंत्र चालू आहे असंही नाही. सेल संपलेलं यंत्र कानात घालून आठवडेच्या आठवडे बसणारी मुलं मी पाहिली आहेत. सकाळी परिपाठाआधी अर्ध्या मिनिटाची एक चाचणी आहे. हातभर अंतरावर उभं राहून, ओठ कागदाने झाकून सहा आवाज काढायचे: आ, ई, ऊ, म, श, स. मुलाने तेच परत म्हणायचे. रोज म्हणणारं मूल आज 'श' आणि 'स'ला अडलं, तर आधी सेल बघा, मग पालकांना निरोप द्या.

ज्या मुलाला आवाजांचा, गर्दीचा त्रास होतो, त्याच्यासाठी दाराजवळचा पहिला बाक म्हणजे शिक्षाच. येणारी-जाणारी माणसं, व्हरांड्यातला गोंगाट, सगळं त्याच्या अंगावर. भिंतीलगतची, मागे कोणी नसलेली जागा त्याला बरी पडते. दिवसभर काय काय होणार हे चित्रांच्या पट्टीवर लावून ठेवलं आणि बदल असेल तेव्हा आधी सांगितलं, तर अर्धे प्रसंग उद्भवतच नाहीत. तरीही ते मूल ओरडलं, आडवं पडलं, तर त्या क्षणी शिकवायला, समजावायला जाऊ नका. आवाज कमी करा, माणसं कमी करा, वाट पाहा. नंतर वहीत तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, मग काय झालं, त्यानंतर आपण काय केलं. चार-पाच प्रसंग लिहून झाले की 'आधी' या रकान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागते. एका शिक्षिकेच्या वहीत ती गोष्ट होती कुकरची शिट्टी.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळा स्वच्छ आणि खरोखर काळा हवा. धुरकट फळ्यावर पांढरा खडू उठत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिहिताना ते मोठ्याने म्हणायचं. 'हे असं झालं, आता हे इकडे घेतलं' या वाक्यातून न पाहणाऱ्याला काय कळणार? 'सत्तेचाळीसमधले सात एककाच्या घरात लिहिले' असं म्हटलं की अंध मुलाला कळतं, आणि शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर पाहणाऱ्यालाही कळतं. एकासाठी केलेला बदल चाळीस जणांना उपयोगी पडतो, हा अनुभव दोन-तीनदा आला की 'वेगळं काहीतरी करावं लागतं' ही धास्ती आपोआप ओसरते.

वेलांटी आणि रफार

वाचता न येणाऱ्या मुलांबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. एक तर ही मुलं प्रत्येक वर्गात असतात. दुसरं म्हणजे त्यांचं दिव्यांगत्व डोळ्यांना दिसत नसल्याने त्यांना सर्वांत जास्त बोलणी बसतात. आणि तिसरं, अध्ययन अक्षमतेवरचं बहुतेक साहित्य इंग्रजी वाचनाचा विचार करून लिहिलेलं असतं. बी आणि डी उलटे दिसतात वगैरे. आपल्या मुलांची अडचण देवनागरीत आहे.

'किती' हा शब्द घ्या. तोंडाने आधी 'क' म्हणतो, मग 'इ'. पण कागदावर पहिली वेलांटी आधी येते, अक्षर नंतर. डोळ्यांचा क्रम एक, कानांचा दुसरा. 'सूर्य'मध्ये 'र' आधी उच्चारतो, पण तो बसलाय 'य'च्या डोक्यावर. 'प्र'मध्ये तोच 'र' पायाशी गेला, 'ट्र'मध्ये त्याचं रूप आणखी बदललं, 'वाऱ्या'मध्ये तिसरंच. एका 'र'ची इतकी सोंगं! आपण ती लहानपणी नकळत गिळली, म्हणून आपल्याला अडचण दिसत नाही. ज्या मुलाला आवाज आणि खूण यांची जोडी जमवायलाच वेळ लागतो, त्याच्यासाठी हे डोंगर आहेत.

चौथीतल्या एका मुलीची वही माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. 'दिवस'चं 'दवसि', 'पर्वत'चं 'परवत', 'घर'चं 'धर'. वर लाल शाईत शेरा: 'शुद्धलेखन सुधारा, दहा वेळा लिहा.' आणि खाली तिने 'दवसि' दहा वेळा लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात.

दहा वेळा लिहायला लावणं बंद करा. चूक पक्की होण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. त्याऐवजी हे करून पाहा. घ-ध, भ-म, थ-य अशी दिसायला जवळची अक्षरं एकाच दिवशी, एकाच आठवड्यात शिकवू नका. एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं आणू नका. वेलांट्या, मात्रा वेगळ्या रंगात लिहा, काही दिवस तरी. ताटात बारीक वाळू किंवा रवा पसरून त्यावर बोटाने अक्षर गिरवायला लावा आणि गिरवताना आवाज मोठ्याने म्हणायला लावा. जुन्या धूळपाटीत हेच होतं. शब्द कानांनी फोडायचा सराव घ्या: 'दिवस'मध्ये पहिला आवाज कुठला, तो काढला तर काय उरतं? यासाठी वही लागत नाही, रांगेत उभं असतानाही होतं. वाचताना ओळ सुटत असेल तर पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापून द्या, ती धड्यावरून सरकवत वाचू द्या.

आणि विषयाचं ज्ञान तपासायचं असेल तेव्हा वाचन तपासू नका. परिसर अभ्यासाचा प्रश्न वाचून दाखवा, उत्तर तोंडी घ्या, ते मूल्यमापनात धरा. त्या मुलीला पाण्याचं चक्र मी तोंडी विचारलं तेव्हा तिने विहिरीपासून ढगापर्यंत आणि परत शेतापर्यंत न अडखळता सांगितलं. तिच्या उत्तरपत्रिकेत तोच प्रश्न कोरा होता.

अध्ययन अक्षमतेचं निदान साधारण आठव्या वर्षाच्या आधी पक्कं करत नाहीत. पण वाळूचं ताट द्यायला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. मदत पहिलीपासूनच सुरू करा.

तोच धडा, वेगळं उद्दिष्ट

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला आपण चित्रात रंग भरायला देतो. वर्षभर तो रंगच भरतो. वर्ग गणित करतो, तो रंग भरतो. वर्ग कविता म्हणतो, तो रंग भरतो. यात त्याचं काहीच चुकत नाही. आपण त्याला धड्याबाहेर ठेवलेलं असतं.

धडा तोच ठेवा, त्याचं उद्दिष्ट वेगळं ठेवा. वर्गात बाजार मांडला आहे, बाकीची मुलं भाजीच्या पावतीची बेरीज करत आहेत. हा मुलगा दहाची, वीसची, पन्नासची नोट ओळखून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तो त्याच बाजारात आहे, त्याच गोंगाटात आहे, आणि शिकतही आहे. अशी उद्दिष्टं एका सत्रासाठी तीनच ठरवा आणि मोजता येतील अशा शब्दांत लिहा. 'वाचन सुधारेल' हे कसं मोजणार? 'दिवाळीपर्यंत स्वतःचं, आईचं आणि गावाचं नाव ओळखेल' हे मोजता येतं. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणून जे कोष्टक आपल्याला भरायला येतं, त्याचा जीव एवढाच आहे. तो कपाटात ठेवू नका, हजेरीपटात ठेवा.

हा आराखडा एकट्याने करायचा नसतो. समग्र शिक्षा अभियानातून गटसाधन केंद्रात विशेष शिक्षक आणि साधनव्यक्ती नेमलेल्या असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर दर 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला दर 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलं. तालुक्यातलं वास्तव त्यापासून दूर आहे. अनेक शाळांचा भार एका माणसावर असतो आणि आपल्या शाळेची पाळी कधीतरी येते. म्हणून त्यांची भेट वाया जाऊ देऊ नका. आदल्या दिवशी वही काढून तीन प्रश्न लिहून ठेवा. आणि त्यांनी मुलाला व्हरांड्यात नेऊन एकट्याला शिकवण्यापेक्षा, आपला एक तास वर्गात बसून पाहावा असा आग्रह धरा. ते निघून गेल्यावर महिनाभर त्या मुलासमोर आपणच असतो, तेव्हा शिकायचं आपणच.

घरच्यांशी बोलताना

पालकसभेत सगळ्यांसमोर हा विषय काढू नका. वेगळं बोलवा, शक्यतो आई-वडील दोघांनाही, कारण एकटी आई आली तर घरी जाऊन सगळं तिच्याच माथी येतं. 'तुझ्याच माहेरचं' असं ऐकून रडलेल्या आया मला वर्गाच्या पायरीवर भेटल्या आहेत. सुरुवात मुलाला काय येतं यापासून करा आणि ते खरं असू द्या, औपचारिक नको. मग वहीतली एक नोंद वाचून दाखवा. मग आपण वर्गात काय करून पाहिलं ते सांगा. 'तुम्ही घरी काय करता?' हे विचारा आणि ऐका. घरच्यांना पुष्कळ माहीत असतं. मूल भुकेलं असताना कसं वागतं, कुठला आवाज त्याला सोसत नाही, कोणाचं ऐकतं, हे कुठल्याच अहवालात नसतं.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड कशासाठी हे समजावून सांगा. 'मुलीच्या कपाळावर शिक्का नको' अशी भीती खरी असते, ती उडवून लावू नका. ज्यांचं दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त आहे त्यांना 18 वर्षांपर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. परीक्षेतल्या सवलतींनाही कागद लागतात, हेही सांगा.

या सवलतींबद्दल माध्यमिकच्या शिक्षकांना एक कळकळीची विनंती. ताशी 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक, भाषेतली सूट, हे दहावीच्या अर्जाच्या वेळी आठवायचं नसतं. आठवीपासून घटक चाचणीत लेखनिक द्या. दुसऱ्याला सांगून लिहून घेणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. आकृती शब्दांत कशी सांगायची, खोडायला कसं सांगायचं, लेखनिकाने वाचून दाखवलेलं लक्षात कसं ठेवायचं, याला सराव लागतो. दहावीच्या पेपरात पहिल्यांदा लेखनिक भेटलेली मुलं जादा वेळ मिळूनही पेपर अर्धा सोडून येतात.

उतार आणि संडास

इमारतीबद्दल थोडंच, पण ते सोडून चालणार नाही. उतार 1:12 चा हवा, म्हणजे जोतं फूटभर उंच असेल तर उतार बारा फूट लांब. आपल्या अनेक शाळांतले उतार घसरगुंडीसारखे आहेत. पोत्याचं ओझं लादलेली सायकल एका हाताने त्यावरून चढवून बघा, लगेच समजेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सदस्यांना तेच करायला लावा, पुढचं बोलावंच लागत नाही.

आणि संडासाचं दार. चाकाची खुर्ची आत जात नाही, कडी उंच आहे, धरायला काही नाही. अशा शाळेत मुली काय करतात माहीत आहे? सकाळपासून पाणी पीत नाहीत. चालता न येणारी मुलगी रोज दुपारी डोकं दुखतं म्हणून घरी जाऊ लागली, तर आधी तिची पाण्याची बाटली उघडून बघा.

इमारतीचं झालं, आता वर्गमित्रांविषयी: मदतनीस म्हणून एकाच मुलाला किंवा मुलीला वर्षभर जुंपू नका. ती मैत्री राहत नाही, नोकरी होते. पाळी लावा. आणि मदत घेणाऱ्यालाही मदत करायचं काम द्या. हजेरी घेणं, प्रार्थना सांगणं, रोपांना पाणी घालणं, जे जमेल ते. खेळाच्या तासाला गुण मांडायला बसवू नका. नियम वाकवा. काय वाकवायचं हे मुलांनाच विचारा, ती आपल्यापेक्षा पटकन आणि न्यायाने ठरवतात.

जे प्रशिक्षण देतात त्यांच्यासाठी

केंद्रप्रमुख, डाएटचे सहकारी, बी.एड. महाविद्यालयांतले प्राध्यापक यांच्याशी थोडं बोलायचं आहे. आपण डोळ्यांना रुमाल बांधून पाच मिनिटं चालायला लावतो आणि म्हणतो, आता अंधत्व कळलं. त्यातून फक्त भीती कळते. अंध माणूस वर्षानुवर्षांच्या सरावाने जगतो, त्याची कौशल्यं त्या पाच मिनिटांत दिसतच नाहीत. त्यापेक्षा तालुक्यातल्या एखाद्या अंध शिक्षकाला तासभर वर्ग घ्यायला बोलवा. शिक्षक तो वर्ग पाहतील, तो फळ्याचं काय करतो, वर्गावर लक्ष कसं ठेवतो, वह्या कशा तपासतो ते विचारतील. तो तास माझ्या अनेक व्याख्यानांना भारी पडला होता.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून झाल्यावर अर्धा तास काढा. एका शिक्षकाने आपली पंधरा दिवसांची वही मुलाचं नाव न घेता वाचायची. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, आधी फक्त प्रश्न विचारायचे. 'हे फक्त गणिताच्या तासालाच होतं का?' 'तेव्हा तो कुठे बसलेला असतो?' 'घरची भाषा कोणती?' शेवटच्या पाच मिनिटांत एकच गोष्ट ठरवायची, जी तो शिक्षक महिनाभर करून पाहील आणि पुढच्या परिषदेत सांगेल. पैसे लागत नाहीत, साहित्य लागत नाही. बी.एड.च्या विद्यार्थ्यांना समावेशक शाळेवरचा पेपर आहेच. त्याच्या प्रात्यक्षिकात रंगीत तक्त्यांऐवजी ही वही मागा.

त्या तिसरीतल्या मुलानंतर मी त्या शाळेत आणखी सहा वर्षं होते. दर वर्षी शाळा उघडून पंधरा दिवस झाले, की आहार वाटून झाल्यावर मी वही घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर जाऊन बसायचे. मावशी भांडी घासत असायच्या. "मावशी, यंदा काय दिसलं?" त्या हात न थांबवता सांगायच्या. पहिलीतली एक डाव्या हातानेच ताट धरते, उजवा उचलतच नाही. दुसरीतला एक रोज रांगेत शेवटी उभा राहतो, कुणाचा धक्का लागला की रडतो. मी लिहून घ्यायचे.